अंजनेरीचं कंदीलपुष्प जास्त दुर्मीळ, की बारापेडेचं वटवाघूळ?

एका पदवी महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईंनी प्रश्न पाठवला आहे. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरचं कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिका, आणि बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतलं राऊटनचं वटवाघूळ, या दोघांत जास्त दुर्मीळ कोण? पैसा आणि माणसं थोडी असतील तर आधी कोणाकडे धावायचं? मुलांकडून तुलनेचा प्रकल्प करून घ्यायचा आहे, पण एक झाड आणि एक प्राणी एका तक्त्यात बसवायचे कसे, ही त्यांची अडचण आहे.

मी पंचवीसेक वर्षं सह्याद्रीत हेच काम करतो आहे. पावसाळ्यात पठारांवर वनस्पती आणि पावसाळा सरला की गुहा, भुयारं, जुन्या कोठारांतली वाघळं. त्यामुळे प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. उत्तर आधीच देऊन टाकतो. आज हातात असलेल्या माहितीवर फूल जास्त दुर्मीळ आहे. पण आपल्या हातून चूक झाली तर ती निस्तरणं वटवाघळाच्या बाबतीत फार अवघड आहे. म्हणून दोघांना वाचवण्याची रीतच वेगळी ठेवावी लागते. फुलाला हात लावून वाचवता येतं आणि वटवाघळाला हात न लावता. आता हे सविस्तर.

आधी एक गैरसमज काढू. वटवाघूळ आणि फूल एकत्र आले की बऱ्याच जणांना परागीभवन आठवतं. ते खरंच आहे, पण फळं आणि मध खाणाऱ्या वाघळांपुरतं. मोह, काटेसावर, गोरखचिंच यांच्या फुलांवर रात्री वाघळं येतात. मोहाच्या झाडाखाली पहाटे गेलात तर अर्धवट चावलेली फुलं पडलेली दिसतात. राऊटनचं वटवाघूळ मात्र उडते किडे खाणारं आहे, त्याचा कुठल्याच फुलाशी व्यवहार नाही. आणि कंदीलपुष्पाला वाघूळ नकोच असतं, त्याचं काम चिलटाएवढ्या माश्या करतात. शिवाय अंजनेरी राहिली नाशिकला आणि बारापेडे राहिली गोव्याच्या सीमेलगत. त्यामुळे या दोघांत नातं शोधू नका. साम्य एकच, दोघंही अगदी थोड्या ठिकाणी राहतात.

कंदीलपुष्पाची गंमत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं थांबतो. हे रुईचे नातलग. पूर्वी रुईचं कुळ स्वतंत्र मानत, आता ते कण्हेरीच्या कुळात सामावलं आहे. फूल म्हणजे एक नळी. खाली फुगीर, मध्ये अरुंद, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं बहुतेक जातींत एकमेकांना चिकटून झालेली छोटी जाळी. हुबेहूब कंदील. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते आणि नळीतून खाली घसरते. नळीच्या आतले केस खालच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे आत जाणं सोपं आणि बाहेर येणं अशक्य. माशी तळाशी कोंडली जाते. तिथे धडपडताना परागांची चिमुकली पुडी तिच्या तोंडाच्या भागाला अडकते. रुईच्या नातलगांत पराग सुटे नसतात, पुडीत बांधलेले असतात. पुढे फूल मलूल होतं, केस सुकतात, वाट मोकळी होते आणि माशी पुडी घेऊन बाहेर पडते. मग ती दुसऱ्या फुलात पुन्हा फसली आणि पुडी नेमक्या खाचेत बसली, तरच बी धरतं. इतकं सगळं जुळून यावं लागतं, म्हणून फुलं दिसली तरी शेंगा मोजक्याच दिसतात. शेंगा शिंगांसारख्या, जोडीने येणाऱ्या. त्या फुटल्या की रेशमी शेपटीचं बी वाऱ्यावर जातं, आपण लहानपणी पकडायचो तसली म्हातारी.

वर्षातले सात-आठ महिने मात्र हे झाड जमिनीवर नसतंच. खाली कंद असतो. पहिल्या पावसांनंतर कोंब येतो, श्रावण-भाद्रपदात फूल, आणि गवत पिवळं पडेपर्यंत खेळ संपलेला. ज्या जातींचे कंद जरा मोठे असतात ते गुराखी पोरं उकरून कच्चेच खातात. खरपुडी, हमण ही अशाच जातींची गावाकडची नावं. साळिंदर आणि रानडुक्करही सोडत नाहीत.

भारतात या प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या नातलग जातींचा गट) पन्नासेक जाती आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. सह्याद्रीचा उत्तरेकडचा भाग तर त्यांचं घरच. एकेका डोंगरावर एकेक जात अडकून बसलेली. हरिश्चंद्रगडाच्या कड्यांवरची लॉई, पाचगणीच्या पठारावरून नाव मिळालेली पंचगनिएन्सिस, आणि ही अंजनेरीची. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणातले एम. वाय. अन्सारी यांनी १९८४ साली या साऱ्या जातींचा एकत्र आढावा घेतला. त्यांच्या त्या यादीत अंजनेरिका नाही, कारण ती तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हती. तिला नाव मिळालं २००६ साली, म्हणजे परवा-परवा.

हे मला नेहमी थक्क करतं. अंजनेरी काही निर्जन डोंगर नाही. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर आहे, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून श्रद्धेने हजारो माणसं वर जातात, अंजनीमातेचं देऊळ आहे, आणि श्रावणात, नेमकं फूल फुललेलं असताना, गर्दी मोठी असते. वनस्पतीचे अभ्यासक शंभर वर्षं या भागात फिरत होते. तरीही हे फूल विज्ञानाला २००६ पर्यंत दिसलं नाही. कारण फूल नसताना ते गवतातलं आणखी एक गवत असतं, आणि फूल असताना बहुतेकांची नजर ढगांकडे असते.

आता वटवाघूळ. लहान किडेखाऊ वाघळांना आपल्याकडे पाकोळ्या म्हणतात, पण ही पाकोळी जरा दांडगी आहे. तिच्या कुळाचं वैशिष्ट्य म्हणजे शेपूट पायांमधल्या पडद्याच्या बाहेर सुटं लोंबतं, म्हणून मुक्तपुच्छ. कान प्रचंड, पुढे झुकलेले आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले. समोरून पाहिलं तर टोपीची झडप डोळ्यांवर ओढल्यासारखं वाटतं. अंग गडद तपकिरी, मानेमागे फिकट पट्टा. पंख लांब आणि अरुंद. पंखांचा हा आकार लक्षात ठेवा, पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ पासून देशभर सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण चालवलं. त्या काळात हा प्राणी हाती लागला आणि लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचं वर्णन छापलं. नाव दिलं ते सर्वेक्षणामागे उभ्या असलेल्या राऊटन या निवृत्त वनाधिकाऱ्याचं. प्राणी इतका निराळा होता की त्याच्यासाठी थॉमसना ओटोमॉप्स ही नवी प्रजातीच उभी करावी लागली. त्या लेखाच्या मथळ्यात ठिकाण आहे ‘सदर्न बॉम्बे’. मुलं ते वाचून कुलाब्याकडे बोट दाखवतात, म्हणून सांगतो: ते मुंबई इलाख्याचं दक्षिण टोक, म्हणजे बेळगावकडचं रान. गुहा चुनखडीची आहे, तळेवाडीजवळ, म्हादईच्या उगमाच्या टापूत. आसपासच्या वाड्यांवर आजही मराठी बोलली जाते. २०११ मध्ये कर्नाटकने तिथे भीमगड अभयारण्य जाहीर केलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं, आणि ते होण्यात या वाघळाचा वाटा मोठा होता.

पुढची जवळजवळ ९० वर्षं जगाला या जातीचा एकच पत्ता माहीत होता, बारापेडे. तिथली वसाहतही काही डझनांची. मग २००१ मध्ये कंबोडियातून एका वाघळाची नोंद प्रसिद्ध झाली. पाठोपाठ मेघालयातून नोंद आली, आणि २०१४ साली मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांतल्या चुनखडीच्या गुहांमध्ये वसाहती सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पिल्लांसकट.

नकाशा उघडा आणि खानापूर, जैंतिया, कंबोडिया असे ठिपके ठेवा. मधल्या हजारो किलोमीटरांत काहीच नसेल, हे पटतं का? मला पटत नाही. आणि इथे पंख कामाला येतात. लांब, अरुंद पंखांचं वाघूळ झाडोऱ्यात घुसत नाही. ते मोकळ्या आकाशात, उंचावरून, वेगाने उडत किडे टिपतं. आम्ही वाघळं पकडण्यासाठी ओढ्यावर किंवा पायवाटेवर बारीक जाळी लावतो. हा प्राणी त्या जाळ्याच्या कितीतरी वरून निघून जातो. म्हणजे तो सापडणार फक्त दिवसा जिथे झोपतो त्या गुहेत, आणि तीही कोणी आत जाऊन पाहिली तर. सह्याद्रीत आणि ईशान्येत कड्यांमधल्या किती कपारींत आजवर माणूस शिरला आहे?

फुलाचं तसं नाही. पठार उघडं आहे. योग्य पंधरवड्यात, ओळखणारी चार माणसं ओळीने चालली तर दिवसाअखेर बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं की इथे आहे किंवा नाही. अंजनेरिकाचं नाव नवं असलं, तरी २००६ नंतर ती शोधायला अनेक जण हिंडले आहेत, आणि नाशिकच्या त्या डोंगररांगेपलीकडे तिचा पत्ता लागलेला नाही. या ‘नाही’ला वजन आहे. वटवाघळाच्या ‘नाही’ला तेवढं वजन नाही, कारण तिथे आपण नीट पाहिलेलंच नाही. म्हणून मी फुलाला जास्त दुर्मीळ म्हणतो. फुलाची दुर्मीळता पाहून ठरलेली आहे, वटवाघळाची अर्धी तरी न पाहिल्यामुळे आहे.

धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीतही हे प्रतिबिंब दिसतं. हे वटवाघूळ एकेकाळी ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात होतं, आता ते ‘माहिती अपुरी’ या वर्गात आहे. विद्यार्थी ते वाचून म्हणतात, सर, म्हणजे परिस्थिती सुधारली. तसं मुळीच नाही. बारापेडेत वाघळं वाढली म्हणून वर्ग बदलला नाही. नवे ठिपके इतक्या लांब सापडले की आधीचा अंदाज कशावर उभा होता तेच कळेनासं झालं, म्हणून बदलला. या वर्गाचा अर्थ ‘सुरक्षित’ असा लावणारे अहवाल मी वाचले आहेत आणि दर वेळी अस्वस्थ झालो आहे. खाणीच्या परवानगीसाठीच्या कागदांत ‘माहिती अपुरी’ याचा अर्थ फार सहज ‘हरकत नाही’ होतो.

आपलं अज्ञान काय करू शकतं याचं एक उदाहरण मला वर्गात सांगायला आवडतं. सलीम अलींच्या नावाचं एक फळवटवाघूळ दक्षिणेकडच्या डोंगरांत राहतं. त्याचा नमुना १९४८ साली गोळा झाला, सामान्य फळवटवाघूळ समजून संग्रहालयात ठेवला गेला, आणि तो वेगळ्याच प्रजातीचा आहे हे कळून त्याला नाव मिळायला १९७२ उजाडलं. चोवीस वर्षं तो प्राणी खणात पडून होता.

उलट बाजूचं उदाहरण कर्नाटकातल्याच कोलारचं. तिथल्या एका पर्णनासिक (नाकावर पानासारखी घडी असलेल्या) वाघळाची जात आज हनुमानहळ्ळीच्या एका गुहेपुरती उरल्याचं मानलं जातं, आणि आसपास दगडाच्या खाणी. ज्यांना ‘एकच पत्ता’ म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल त्यांनी ते प्रकरण जरूर पाहावं.

आता मोजणीबद्दल बोलू, कारण तुलनेचे तक्ते नेहमी इथेच घसरतात. एका पठारावर दोनशे रोपं आणि एका गुहेत पन्नास वाघळं, म्हणजे वाघळं चौपट दुर्मीळ, असा हिशोब मुलं मांडतील. त्यांना अडवा.

आमच्या एका पठारावर (अंजनेरी नव्हे, आणि जातही दुसरी) आम्ही दोऱ्यांनी चौकटी आखून रोपं मोजत होतो. एका वर्षी ऑगस्टात गेलो तर आधीच्या निम्मीही दिसेनात. बरोबरची मुलं रडवेली झाली. वहीत ‘मृत’ असा शेरा मारून आम्ही उतरलो. पुढच्या वर्षी त्यातली कितीतरी रोपं त्याच जागी उभी होती. झालं एवढंच होतं की आम्ही पोचायच्या आधी शेळ्यांनी आणि खेकड्यांनी शेंडे खुडले होते आणि खाली कंद जिवंत होते. त्या दिवसापासून आम्ही ‘मृत’ लिहिणं बंद केलं, ‘दिसलं नाही’ लिहितो. कंदाच्या झाडाची संख्या एका भेटीत कळत नाही. वर दिसतं ते त्या वर्षापुरतं असतं.

वाघळांच्या मोजणीतली चूक मात्र माझी स्वतःची आहे आणि ती अजून बोचते. वीस वर्षांपूर्वी, एका गुहेत, जात अगदी सामान्य, रौसेट नावाचं फळवटवाघूळ. नेमकी संख्या हवी या हट्टाने आम्ही मार्च महिन्यात चार जण मोठे टॉर्च घेऊन आत गेलो. माद्यांच्या पोटाला पिल्लं चिकटलेली होती. प्रकाश पडताच सगळी वसाहत एकदम सुटली, अंधारात अंगावर आदळायला लागली, आणि दोन-तीन पिल्लं आमच्या पायाशी पडली. उचलून कपारीत ठेवली, पण माद्या परत आल्या का, हे पाहायला तिथे थांबणं म्हणजे आणखी त्रास देणं होतं. आम्हाला आकडा मिळाला. तो आकडा मी आजवर कुठेही छापलेला नाही.

ती जात सामान्य होती म्हणून निभावलं. किडेखाऊ वाघळांची मादी साधारणपणे वर्षाला एक पिल्लू देते. वाघूळ आकाराने उंदराएवढं असलं, तरी त्याचं आयुष्य उंदराचं नाही. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं जगणाऱ्या जाती आहेत. सावकाश वाढणारी, दीर्घायुषी आणि एकाच छताखाली राहणारी. पन्नासांच्या वसाहतीत एका मोसमाची पिल्लं गेली तर ती भरून यायला वर्षं लागतात. आणि गुहेचं तोंड बुजलं, आत धूर झाला, किंवा रोज टॉर्चवाले यायला लागले, तर सगळ्या वसाहतीला तो धक्का एकदम बसतो. फुलाच्या बाबतीत असा एका दिवसात संहार व्हायला पूर्ण पठार खणावं लागेल.

दुर्दैवाने पठार खणण्याचे प्रस्तावही येतात. अंजनेरीवर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला होता तेव्हा नाशिककरांनी त्याला मोठा विरोध केला. त्यात गिधाडांच्या घरट्यांबरोबर हे चिमूटभर फूलही पुढे होतं, याचा मला अभिमान वाटतो. अंजनेरी आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, पण त्याचं क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरही नाही. त्यात कडे, उतार, झाडी वजा करा. या फुलाला मानवणारी उथळ मातीची, गवताची जागा किती उरते ते स्वतः चालून पाहा. चुकीच्या वेळी लागलेला वणवा, वाट सोडून चालणारे पाय, प्लास्टिक, बेसुमार चराई, हे सगळं तेवढ्याच जागेवर येऊन पडतं.

तरीही फुलाकडे एक गोष्ट आहे जी वटवाघळाकडे नाही. ते लावता येतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांवर दीर्घकाळ काम केलं आहे. अंजनेरिकाला नाव देणाऱ्यांतही ते आहेत. दुर्मीळ जाती बागेत वाढवणं, बी धरायला मदत करणं, ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून, रोपं तयार करणं, आणि ती पुन्हा डोंगरावर नेऊन लावणं, हे सगळं या प्रजातीत होऊ शकतं हे दिसलं आहे. याचा अर्थ डोंगर गेला तरी चालेल असा कोणी घेऊ नये. कुंडीतल्या रोपाला त्याच्या माश्या कुठून मिळणार? पण एखाद्या वाईट वर्षाने जात कायमची पुसली जाऊ नये, एवढा आधार त्यातून नक्की मिळतो.

राऊटनच्या वटवाघळासाठी असा कुठलाही आधार नाही. आकाशात उंच उडून किडे टिपणारा प्राणी पिंजऱ्यात पोसून, वाढवून, परत सोडणं हा मार्गच मला दिसत नाही. त्याच्यासाठी करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे गुहा जशी आहे तशी ठेवणं आणि तिच्यावरचं, भोवतालचं रान राखणं. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात माणसांना काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. कोणी तोंडाला लोखंडी जाळी बसवायला निघतं आणि लांब पंखांच्या वाघळांची वाटच अडवून बसतं. कोणी पर्यटकांना ‘दुर्मीळ वटवाघूळ’ दाखवायला नेतं.

भीती हा आणखी एक फरक. फुलाला कोणी भीत नाही. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या वाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. प्रतिपिंडं असणं म्हणजे त्या प्राण्याचा कधीतरी विषाणूशी संबंध आला असणं, एवढाच त्याचा अर्थ. पण करोनाचे दिवस होते. त्या काळात मला गावागावांतून फोन आले: देवळातल्या पाकोळ्या धुराने हाकलू का, वाड्यातलं भुयार सिमेंटने बुजवू का? वाघळं हाकलल्याने ती गावभर पांगतात, आणि घाबरलेल्या, आजारी प्राण्याशी माणसाचा संबंध वाढतो, हे समजावण्यात कितीतरी संध्याकाळी गेल्या. त्यांच्या गुहेत न जाणं, मेलेलं वाघूळ उघड्या हाताने न उचलणं आणि उष्टी फळं न खाणं, एवढी काळजी पुरेशी असते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बरीच वर्षं दोनच वाघळं होती, राऊटनचं आणि वर सांगितलेलं सलीम अलींचं. त्याच कायद्यात बाकीची फळखाऊ वाघळं कावळे आणि उंदरांबरोबर ‘उपद्रवी’ म्हणून नोंदलेली होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती उपद्रवींची अनुसूची गेली, आणि उशिरा का होईना, हे चांगलं झालं. वनस्पतींसाठीच्या अनुसूचीत मात्र त्या दुरुस्तीपर्यंत मोजून सहा नोंदी होत्या, आणि त्यांत एकही कंदीलपुष्प नव्हतं. म्हणजे तोवर कागदावर वटवाघळाचा मान वाघाच्या बरोबरीचा होता आणि फुलाला नावसुद्धा नव्हतं. माझ्या मते हा सरळ अन्याय होता. अंजनेरीला मिळालेलं संरक्षण त्या जागेला आहे. ते फूल त्या जागेच्या बाहेर सापडलं तर ते संरक्षण त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मग आधी धावायचं कोणाकडे? माझ्याकडे दोन माणसं आणि एका वर्षाचा खर्च असेल तर मी पैसा फुलावर घालीन आणि शब्द वटवाघळासाठी. फुलाला माणसं लागतात: मोसमात राखण, वाटा आखणं, वणव्याच्या दिवसांत गस्त, बी गोळा करणं, रोपवाटिका. वर्षभरात काम दिसतं. वटवाघळाला पैसा दिला तर तो गुहेतल्या वर्दळीतच खर्च होण्याची भीती. त्याच्यासाठी खाणीच्या सुनावणीला जाऊन उभं राहणं, वनखात्याला पत्र लिहिणं, तिथल्या वाड्यांवरच्या लोकांशी बोलत राहणं, हे करावं. आणि शोध घ्यायचाच तर गुहेबाहेर बसून, कानाने आणि यंत्राने. या वाघळाच्या हाका बऱ्याच खालच्या पट्टीत असतात, २० किलोहर्ट्झच्या खाली, म्हणजे तरुण कानाला त्यांची टिकटिक ऐकूही येऊ शकते. पण टिकटिक ऐकली की लगेच नाचू नका. आपल्याकडे दुसरी मुक्तपुच्छ वाघळंही आहेत आणि त्यांतल्या काहींच्या हाका फार वरच्या पट्टीत नसतात. ध्वनिमुद्रण करून जाणकाराला दाखवल्याशिवाय नोंद करू नये.

आता बाई, तुमच्या प्रकल्पाबद्दल. मुलांना बारापेडेला नेऊ नका. अभयारण्य आहे, परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी वीस मुलांनी तिथे जाण्यासारखं काही नाही. अंजनेरीला जरूर न्या, पण वाटेवरून, आणि काही न उपटता. प्रत्यक्ष काम तुमच्या गावाजवळच्या सामान्य जातींवर करा. कंदीलपुष्पांतली हमण बऱ्याच टेकड्यांवर कुंपणाच्या झुडपांत मिळते, आणि जुना वाडा, पूल किंवा किल्ल्याचं कोठार असेल तर पाकोळ्या असतातच.

तक्त्यात संख्येचा रकाना ठेवाच, पण शेवटी. आधी हे लिहायला सांगा: किती ठिकाणी आहे, नसलेल्या ठिकाणी आपण खरंच किती वेळ, कोणत्या महिन्यात, कशाने शोधलं, एका वर्षात एक जीव किती नवे जीव देतो, आणि त्या ठिकाणी काय घडलं तर सगळेच एकदम जातील. फुलांच्या चौकटी जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पाहा, फुलं आणि शेंगा वेगवेगळ्या मोजा. दोन्हींतली तफावत पाहून मुलांना त्या माशीचं महत्त्व आपोआप कळेल. वाघळांसाठी सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास त्यांच्या कोठाराच्या किंवा भुयाराच्या तोंडापासून वीसेक पावलांवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर तोंड दिसेल असं बसा. टॉर्च नको, गप्पा नकोत. बाहेर पडणारी वाघळं एका मुलीने मोजायची, आत परतणारी दुसऱ्या मुलाने, मग वजाबाकी करा. तीन लागोपाठच्या संध्याकाळी मोजा, आणि पाऊस असेल तर तसं लिहा. मार्च ते जून शक्यतो टाळाच, कारण त्या दिवसांत पुष्कळ जातींची पिल्लं असतात, आणि आपल्याला प्रत्येक जातीचा मोसम ठाऊक नसतो.

आणि फोटो काढताना मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद ठेवायला सांगा. हमणीसाठी फारसा फरक पडत नाही, पण सवय लागते. दुर्मीळ कंदीलपुष्पाच्या एका सुंदर फोटोखाली कोणी अक्षांश-रेखांश टाकले आणि पुढच्या रविवारी त्या रोपाभोवतीचं गवत कॅमेरेवाल्यांनी गुडघ्यांनी सपाट केलं, हे मी एका पठारावर पाहिलं आहे. त्या गवतात फुलायची बाकी असलेली आणखी सात रोपं होती.